खाण, पाणी आणि तळ्यातील जीवसृष्टी : वऱ्हाडच्या दृष्टीने एक अभ्यास

वऱ्हाडात पाण्याचा विषय निघाला की चर्चा विहिरी, कूपनलिका आणि धरणे यांच्याभोवती फिरते. तळ्याचा उल्लेख सहसा शेवटी येतो. वास्तविक अमरावतीचे वडाळी व छत्री तलाव किंवा अकोल्याजवळचा कापशी तलाव हे एकेकाळी शहराला पाणी पुरविणारे जलाशय होते. आज मोठ्या शहरांची तहान अप्पर वर्धा आणि काटेपूर्णा या प्रकल्पांवर भागते. तरीही गावोगावचे पाझर तलाव, ब्रिटिश काळातील तळी आणि लहान सिंचन तलाव यांचे महत्त्व कमी झालेले नाही. त्यामागे वऱ्हाडचे एक खास भौगोलिक कारण आहे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपणां सर्वांना परिचित आहे. तेथे विहीर खोदली तर पाणी लागते, परंतु ते पिण्यास योग्य नसते आणि शेतीलाही फारसे मानवत नाही. ज्या प्रदेशात जमिनीखालचे पाणीच खारे आहे, तेथे जमिनीवरचे गोडे पाणी हाच खरा ठेवा असतो. इतर प्रदेशात एखादे तळे बिघडले तर लोक विहिरीकडे वळतात. खारपाणपट्ट्यातील गावाला हा दुसरा मार्ग उपलब्ध नाही. म्हणून तळी कशामुळे बिघडतात, हे जाणून घेणे आपल्या दृष्टीने केवळ विज्ञानाच्या पुस्तकातील प्रकरण राहत नाही.

तळी बिघडण्याची कारणे अनेक आहेत. सांडपाणी, शेतातून वाहून येणारी खते व कीटकनाशके, मूर्तींचे रंग, प्लास्टिक यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. खाणींपासून होणाऱ्या परिणामांकडे मात्र आपले लक्ष कमी असते, कारण 'खाणी चंद्रपूरला, आपल्याकडे नाहीत' असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. तत्पूर्वी तळ्यातील जीवन कसे चालते ते थोडक्यात पाहू.

तळ्यातील वस्ती

गोड्या पाण्याचे तळे ही एक भरलेली वस्ती असते. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जेमतेम एक टक्का भाग गोड्या पाण्याच्या नद्या-तळ्यांनी व्यापलेला आहे, परंतु माशांच्या ज्ञात जातींपैकी जवळपास निम्म्या जाती याच पाण्यात राहतात. यावरून या वस्तीची समृद्धी ध्यानात येईल.

या वस्तीचा पाया सूर्यप्रकाशावर उभा आहे. पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना वनस्पतिप्लवक म्हणतात. सूर्यप्रकाशात त्या अन्न तयार करतात आणि पाण्यात प्राणवायू सोडतात. त्यांना खाऊन प्राणिप्लवक जगतात. काठाच्या उथळ पाण्यात शिंगाडा, कमळ, पाणकणीस, लव्हाळा अशा वनस्पती वाढतात आणि त्यांच्या मुळांशी व पानांखाली चतुरांच्या अळ्या, पाणकिडे, झिंगे आणि गोगलगाई आसरा घेतात. तळाच्या चिखलात शिंपले पाणी गाळून आपले अन्न मिळवितात. रोहू, कतला, मृगळ, मागूर, वाम, मरळ असे मासे या साऱ्यांवर पोसले जातात. त्यांच्यावर खंड्या, बगळा, पाणकावळा आणि टिबुकली जगतात, आणि त्याच माशांवर भोई समाजातील कुटुंबांची चूल पेटते. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षीही याच पंगतीत बसतात.

या रचनेतील दोन गोष्टी पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवाव्यात. पहिली गोष्ट ही की प्रकाश खोलवर पोहोचला नाही तर अन्न आणि प्राणवायू दोन्ही कमी होतात. मत्स्यजीवनासाठी पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण लिटरला किमान ४ मिलिग्रॅम असावे, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मानले आहे. दुसरी गोष्ट ही की एखादा विषारी घटक सर्वांत खालच्या जीवात शिरला तर तो साखळीच्या प्रत्येक कडीबरोबर वर सरकतो आणि काही घटकांच्या बाबतीत प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढत जाते.

खाणीतून पाण्यात काय येते?

खाण म्हणजे जमिनीच्या पोटात शेकडो-लाखो वर्षे झाकून राहिलेला दगड उघडा करणे. हवेचा आणि पावसाचा स्पर्श होताच त्या दगडात रासायनिक बदल सुरू होतात. त्यातून तळ्याला होणाऱ्या इजा चार प्रकारच्या असतात.

पहिली इजा गाळाची. कोळसा वा धातुक काढण्यासाठी वरचा माती-दगडाचा थर उपसून बाजूला ढीग लावले जातात. पावसाळ्यात या ढिगांतील बारीक माती ओढ्यांतून तळ्यात उतरते. पाणी गढूळ होते, प्रकाश अडतो आणि वनस्पतिप्लवकांची वाढ खुंटते. माशांच्या कल्ल्यांवर बारीक कणांचा थर बसतो. तळावर घातलेली अंडी गाळाखाली गुदमरतात. शिंपल्यांना पाणी गाळता येत नाही. याशिवाय तळ्याची साठवणक्षमता घटते. याचा हिशेब सोपा आहे. दहा हेक्टरांच्या तळ्यात केवळ एक सेंटिमीटर गाळ बसला तर एक हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाण्याची जागा जाते. दहा हजार लिटरचे शंभर टँकर होतील एवढे हे पाणी. एका सेंटिमीटरची ही किंमत आहे, आणि गाळ दरवर्षी येतो.

दुसरी इजा आम्लाची. अनेक कोळसा व धातू खाणींच्या दगडात पायराइट नावाचे खनिज असते. ते लोह आणि गंधक यांचे संयुग आहे. हवा आणि पाणी मिळाले की त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि विशिष्ट जिवाणू ही क्रिया कित्येक पटींनी वेगवान करतात. पाण्याचा सामू साधारणतः ६.५ ते ८.५ या दरम्यान असावा लागतो. तो ६ च्या खाली गेला की गोगलगाई व शिंपल्यांचे चुन्याचे कवच झिजू लागते, आणि ५ च्या खाली बहुतेक माशांची अंडी फुटत नाहीत. आम्लाबरोबर विरघळून आलेले लोह पुढे पिवळसर तांबूस गाळाच्या रूपाने तळावर बसते आणि तेथील जीवांना झाकून टाकते. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत हे चित्र तीव्रपणे दिसून आले. तेथील कोळशात गंधकाचे प्रमाण अधिक आहे. लुखा नदीचे पाणी हिवाळ्यात निळे पडू लागले आणि मासे मेले. एप्रिल २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मेघालयातील 'रॅट-होल' पद्धतीच्या कोळसा खाणकामावर बंदी घातली.

तिसरी इजा जड धातूंची. शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, सेलेनियम हे घटक दगडात अत्यल्प असतात, परंतु उत्खननाने व जाळण्याने मोकळे होतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. ती इतकी कडक का, याचे उत्तर जपानच्या तोयामा प्रांतात मिळते. कामिओका येथील खाणीतून जिंझू नदीत कॅडमियम उतरले, त्या पाण्यावर भात पिकला आणि तो खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली. वेदनेच्या आक्रोशावरून या रोगाला 'इताई-इताई' हे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे अधिकृतपणे मान्य केले.

चौथी इजा क्षारांची आणि नायट्रेटची. खाणीच्या तळाशी झिरपलेले पाणी उपसून बाहेर सोडावे लागते. त्यात सल्फेट व इतर क्षारांचे प्रमाण अधिक असते. सुरुंगात वापरल्या जाणाऱ्या अमोनियम नायट्रेटचा काही अंश न जळता राहतो आणि पावसाबरोबर वाहून जातो. हे एक प्रकारे खतच असल्यामुळे शेवाळ भरमसाट वाढते. पुढे ते शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवून टाकते आणि पहाटेच्या वेळी मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात.

स्वच्छ दिसणारे पाणी आणि बेल्यूज तलावाचा धडा

येथे एका घटनेचा थोडा विस्ताराने उल्लेख करणे आवश्यक वाटते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका औष्णिक वीज केंद्रासाठी बेल्यूज नावाचा तलाव बांधण्यात आला. १९७४ पासून केंद्र सुरू झाले. कोळशाची राख पाण्यात कालवून राख-तळ्यात सोडली जाई आणि तेथील वरचे, दिसायला निवळ पाणी तलावात जात असे. त्या पाण्यात सेलेनियम होते. तलावात मिसळल्यावर त्याचे प्रमाण लिटरला सुमारे १० मायक्रोग्रॅम इतकेच उरले. परंतु प्लवक, अळ्या, लहान मासे अशा क्रमाने ते साठत गेले आणि माशांच्या शरीरात पाण्याच्या तुलनेत शेकडो-हजारो पटींनी आढळले. माशांची पिले वाकड्या कण्याची निपजू लागली, नंतर प्रजननच थांबले. थोड्याच वर्षांत तलावातील २० जातींपैकी १९ जाती नाहीशा झाल्या. १९८५ मध्ये राखेचे पाणी तलावात सोडणे बंद करण्यात आले, तेव्हा कुठे सुधारणा सुरू झाली.

या घटनेतील सर्वांत बोलका आकडा लक्षात घ्यावा. लिटरला १० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात सेलेनियमची मर्यादा नेमकी हीच आहे. म्हणजे पेल्यातून पिण्यास चालेल असे पाणी तळ्यातील जवळजवळ सर्व मासे संपवू शकले. माणूस त्या पाण्याचे काही पेले पितो. मासा त्यातच जन्मतो, त्यातलेच अन्न खातो आणि त्यातच अंडी घालतो. म्हणून तळ्याची परीक्षा पाण्याच्या बाटलीवरून पूर्ण होत नाही. तळ्यात कोण जगते आणि कोण दिसेनासे झाले आहे, याची नोंद ठेवल्याशिवाय ती परीक्षा अपुरी राहते.

गोव्यातील अनुभव

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. डिचोली, सत्तरी आणि सांगे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणींचा पट्टा पसरला आहे. डिचोली तालुक्यातच मये येथे गोड्या पाण्याचे सुप्रसिद्ध तळे आहे. गोव्यात एक टन खनिज मिळविण्यासाठी साधारणतः अडीच ते तीन टन माती-दगड उपसावा लागतो. एवढा ढीग आणि तेथील धुवाधार पाऊस एकत्र आल्यावर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. तांबडा गाळ ओढ्यांतून भातशेतीत, तळ्यांत आणि मांडवी-जुवारीच्या खोऱ्यांत उतरत राहिला. खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्यामुळे आसपासच्या विहिरी आणि झरे आटल्याच्या तक्रारीही वाढल्या. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिज उत्खनन थांबविले. २०१४ मध्ये मर्यादेसह परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले.

या प्रकरणाला दुसरी बाजूही आहे. खाणी थांबल्यावर ट्रकचालक, बार्जवरील कामगार आणि खाणमजूर यांच्या हातचे काम गेले. पाणी वाचविण्याचा विचार करताना या माणसांचा विचार सोडून चालणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद परिसरातील कोळसा खाणींना भेट देऊन मजुरांचे काम आणि वस्त्या पाहिल्या. त्याच कार्यकाळात देशाच्या जलधोरणाची आणि नदीखोरे विकासाची पायाभरणीही त्यांच्या खात्यामार्फत झाली. खाणीतील माणूस आणि नदीतील पाणी हे दोन्ही प्रश्न एकाच मेजावर ठेवून पाहता येतात, याचे हे उदाहरण होय.

अमरावती-अकोल्याचे वास्तव

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा व पूर्णेच्या गाळाचा आहे. येथे कोळशाच्या मोठ्या खाणी नाहीत. जुन्या वऱ्हाडाचाच भाग असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र वणीच्या परिसरात कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. वर्धा नदी आधी अमरावती जिल्ह्याच्या सीमेवरून वाहते, मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे अप्पर वर्धा धरणात अडते आणि नंतर पुढे वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात जाते. म्हणजे अमरावतीचे पिण्याचे पाणी खाणींच्या वरच्या अंगाला आहे. हे आपले भाग्य आहे. तथापि त्याच नदीच्या खालच्या अंगाला राहणारी गावेही आपलीच आहेत. तेथील गोंडवानी कोळशात गंधक सामान्यतः एक टक्क्याच्या आत असते, त्यामुळे मेघालयाइतका आम्लाचा प्रश्न उद्भवत नाही. गाळ, क्षार आणि भूजलाची घसरण हे तेथील अधिक जवळचे धोके आहेत.

आपल्या दोन जिल्ह्यांशी खाणकामाचा संबंध तीन वाटांनी येतो.

पहिली वाट वीज केंद्राची. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे १,३५० मेगावॅट क्षमतेचे केंद्र उभे आहे. त्याला अप्पर वर्धाचे पाणी देण्याच्या निर्णयाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेली आंदोलने अनेकांच्या स्मरणात असतील. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. खाणीतून कोळसा आला म्हणजे त्याबरोबर राखही आलीच. ती राख सिमेंट, विटा व रस्त्यांत पूर्णपणे वापरली जावी, असे केंद्र शासनाच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने बंधनकारक केले आहे. राख नीट सांभाळली नाही तर काय घडते, हे विदर्भाने जुलै २०२२ मध्ये पाहिले. नागपूर जिल्ह्यात खसाळा येथील राख-बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखेचा चिखल शेतांत व नाल्यांत पसरला. बेल्यूज तलावाचा धडा आपण येथेच आठवावयाचा आहे.

दुसरी वाट गौण खनिजांची. गिट्टी, मुरूम आणि वाळू यांचे उत्खनन आपल्या गावांच्या शिवारातच चालते. 'खदान' हा शब्द वऱ्हाडी माणसाला शिकवावा लागत नाही. अकोल्यात तर एका वस्तीचे आणि तेथील पोलीस ठाण्याचे नावच खदान आहे. बेसॉल्टच्या खदानीतून आम्ल निघत नाही, ही समाधानाची बाब. परंतु क्रशरची भुकटी, सुरुंगातील नायट्रेट, यंत्रांचे तेल आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुटलेले ओढे, यांचा परिणाम खालच्या तळ्यावर होतोच. टेकडीचा उतार कापला गेला की तळ्याकडे येणारे पाणी एक तर अडते, नाही तर भुकटी घेऊन येते. तळ्याच्या काठचा वा पोटातला मुरूम खोल खणून नेला तर पाणी धरून ठेवणारा थर फाटतो आणि डिसेंबरपर्यंत टिकणारे पाणी दिवाळीतच संपते.

तिसरी वाट सोडून दिलेल्या खदानींची. पाणी भरलेल्या या खोल खड्ड्यांना काठ नसतो, उतार नसतो. त्यात काठावरच्या वनस्पती वाढू शकत नाहीत, म्हणून जीवसृष्टीही विरळ राहते. कोठे त्यात गावाचा कचरा टाकला जातो आणि तो भूजलात झिरपतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला उतरलेली मुले अशा खदानींत बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचाव्या लागतात. निवासी शाळेतील मुलांच्या पालकांनी आणि शिक्षकांनी ही गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घ्यावी.

सुधारणा शक्य आहे

हे सर्व वाचून निराश होण्याचे कारण नाही. कॅनडातील सडबरी परिसरात निकेल आणि तांब्याच्या धातुशुद्धीकरणातून निघालेल्या गंधकी वायूंनी सुमारे सात हजार तळी आम्लधर्मी झाली होती आणि टेकड्या उघड्या पडल्या होत्या. पुढे वायूंचे प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांनी घटविण्यात आले. १९७८ पासून जमिनीवर चुना टाकून वृक्षारोपण सुरू झाले. अनेक तळ्यांचा सामू सुधारला आणि मासे परतले. या कामाला अर्धशतक लागत आहे, हेही त्याच वेळी नमूद केले पाहिजे. तळे बिघडायला दहा वर्षे पुरतात, सावरायला पिढी जाते.

आपल्या देशातही काही प्रयत्न झाले आहेत. झारखंडच्या रामगढ जिल्ह्यात बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या पाण्यात पिंजरे टाकून मत्स्यपालन सुरू झाले आणि विस्थापितांना त्यातून रोजगार मिळाला. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी येथे खाणीचे पाणी शुद्ध करून 'कोल नीर' या नावाने पिण्यासाठी उपलब्ध करून देण्यात आले. अर्थात अशा पाण्यातील मासे खाण्यापूर्वी त्यांतील धातूंची तपासणी झाली पाहिजे.

कायद्याचा आधार

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतील पर्यावरणविषयक कर्तव्यात वने, नद्या आणि वन्यजीव यांच्याबरोबर सरोवरांचाही स्पष्ट उल्लेख आहे. १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा मिळणे हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. तो वाद कोळसा धुण्याचे पाणी बोकारो नदीत सोडल्याच्या आरोपावरून उभा राहिला होता. याचिका अन्य कारणास्तव फेटाळली गेली, परंतु त्यातील तत्त्व पुढील असंख्य निकालांचा आधार बनले.

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. म्हणून आपल्या गावाच्या खदानीला अशी मंजुरी आहे काय आणि तिच्या अटी कोणत्या, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ त्यासाठी उपलब्ध आहे. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जिल्हा खनिज प्रतिष्ठानची तरतूद झाली. खाणबाधित भागातील पिण्याचे पाणी, आरोग्य आणि पर्यावरण ही या निधीच्या खर्चाची अग्रक्रमाची क्षेत्रे आहेत. गावाने ग्रामसभेत ठराव करून मागणी केली, तरच तो निधी तळ्यापर्यंत पोहोचतो.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा समान हक्क बजावला गेला. सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे, हे त्या दिवशी ओंजळीने सिद्ध झाले. त्या हक्कात आज आणखी एका अर्थाची भर घालावी लागते. ज्या पाण्यावर आपला हक्क आहे, ते पाणी ओंजळीत घेण्याजोगे राहिले पाहिजे.

शाळा आणि गाव काय करू शकतात?

येथे काही साध्या, अल्पखर्चिक उपायांची मांडणी करतो.

१) पारदर्शकतेची नोंद. १८६५ मध्ये इटलीतील शास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी पाण्याची पारदर्शकता मोजण्याची सोपी रीत शोधली. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी घ्यावी, तिचे चार समान भाग करून ते आलटून पालटून काळे व पांढरे रंगवावेत. खाली वजन बांधावे आणि दोरीवर दर १० सेंटिमीटरला खूण करावी. दुपारी ती पाण्यात सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, यांची सरासरी लिहावी. हे काम शिक्षकांच्या उपस्थितीत, घाटावरून वा सांडव्याच्या सुरक्षित जागेवरूनच करावे. विद्यार्थ्यांना पाण्यात उतरू देऊ नये. महिन्यातून एकदा घेतलेली ही नोंद दोन-तीन वर्षांत पुष्कळ काही सांगून जाते.

२) जीवांची नोंद. काठावरचा मूठभर पाला पांढऱ्या ताटात पाण्यासह पसरावा आणि त्यातील जीव मोजून परत सोडावेत. चतुराच्या अळ्या, गोगलगाई, झिंगे असे विविध जीव आढळले तर तळे सुस्थितीत आहे असे समजावे. केवळ लाल अळ्या आणि गांडुळासारखे बारीक किडेच उरले असतील तर प्राणवायू कमी झाला आहे असे मानण्यास जागा आहे. पूर्वी जाळ्यात येणारे कोणते मासे आता येत नाहीत, हे गावातील वृद्ध भोई बांधवांना विचारून लिहून घ्यावे. त्यांच्या आठवणी हा या विषयातील अमूल्य दस्तऐवज आहे.

३) गाळाविषयी दक्षता. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तळ्यांतील गाळ शेतात टाकला जातो. सर्वसाधारण तळ्याचा गाळ शेतीला उपकारकच असतो. मात्र जे तळे राखेच्या साठ्याच्या वा क्रशरच्या खालच्या अंगाला आहे, त्याचा गाळ तपासणीशिवाय शेतात नेऊ नये. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबी तपासल्या जातात, पण शिसे, कॅडमियम व पारा त्यांत नसतात. त्यामुळे जड धातूंची स्वतंत्र तपासणी मागावी लागते. त्यासाठी अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ येथील संबंधित विभागांकडे विचारणा करता येईल.

४) काठाचे संरक्षण. खदान आणि तळे यांच्यामध्ये गवत, लव्हाळा व स्थानिक झुडपांचा पट्टा राखावा. ओढ्याच्या तोंडाशी लहान गाळसापळा खणावा आणि पावसाळ्यापूर्वी तो रिकामा करावा. निम्मी भुकटी येथेच थांबली तरी तळ्याचे आयुष्य वाढते.

५) सोडलेल्या खदानींभोवती कुंपण व सूचनाफलक लावण्याची मागणी ग्रामपंचायतीकडे लेखी करावी आणि त्या जागी कचरा टाकण्यास विरोध करावा.

समारोप

या शाळेतून शिकून गेलेले अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षक, अभियंते, वकील, शासकीय सेवक आणि शेतकरी आहेत. काहींची उपजीविका खाणीवर किंवा वीज केंद्रावरही अवलंबून असेल. या विषयात त्या सर्वांचे स्थान आहे. अभियंत्याने राख-बंधाऱ्याच्या सुरक्षेचा आग्रह धरावा, वकिलाने मंजुरीची कागदपत्रे वाचून गावाला समजावून द्यावीत, शिक्षकाने तबकडी बनवावी आणि शेतकऱ्याने गाळ उचलण्यापूर्वी प्रश्न विचारावा. गिट्टीशिवाय रस्ता होत नाही आणि कोळशाशिवाय आज तरी आपल्या घरातील दिवा लागत नाही. म्हणून खाणकाम नाकारण्यापेक्षा त्याचा पूर्ण हिशेब मागणे अधिक योग्य ठरेल, आणि त्या हिशेबात तळ्यातील माशाची, शिंपल्याची व भोयाच्या जाळ्याची नोंद असली पाहिजे.

पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आपापल्या गावच्या तळ्यावर पहिली नोंद घ्यावी, तारीख घालून ती वहीत लिहावी आणि तिची एक प्रत शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेकडे पाठवावी, अशी सर्व माजी विद्यार्थ्यांना व पालकांना नम्र विनंती आहे. दहा गावांच्या दहा वह्या जमल्या, तरी वऱ्हाडातील तळ्यांविषयी आज कोणाजवळही नसलेली माहिती आपल्या मुलांच्या हाती येईल.